कल्चर रिपोर्टवरचे ‘आर’ येतात कुठून?

प्रश्न : माझी आई (वय ७४) खुब्याचं हाड मोडल्यामुळे अठरा दिवस रुग्णालयात होती. ऑपरेशन छान झालं, पण बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. लघवीचा कल्चर रिपोर्ट आला, त्यात पंधरा औषधांपैकी बारांपुढे ‘आर’! मेरोपेनेमपुढेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, ‘‘हॉस्पिटलचा जंतू आहे, हट्टी असतो.’’ आई आता घरी आहे, काठी घेऊन चालते. पण एक कोडं सुटत नाही. या बारांतली दहा औषधं आईने जन्मात कधी घेतली नव्हती. मग तिच्या जंतूला त्यांची सवय कधी लागली? आणि एकदम बारांची कशी लागली? तो रिपोर्ट घरात ठेवायचीही आता भीती वाटते. – एक वाचक, कराड

उत्तर : आई हिंडत्या-फिरत्या झाल्या आहेत, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो. तुमच्या पत्रात ‘सवय’ हा शब्द आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे. तंबाखूची सवय लागते, दुपारच्या झोपेची लागते, तशी जंतूला औषधाची लागत असेल असं आपण धरून चालतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो तेव्हा निम्मा वर्ग पेपरात हेच लिहायचा आणि मी दर वर्षी लाल शाईने खोडायचो.

आधी तो ‘आर’ पडतो कसा ते बघा. एका पसरट बशीत पेजेच्या रंगाचं, आगार घालून थिजवलेलं खाद्य असतं. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेला जंतू कापसाच्या बोळ्याने त्यावर तिन्ही दिशांनी फिरवायचा. अंगण सारवताना कुठे कोरडं राहू नये म्हणून हात फिरवतात तसा. मग त्यावर टिकलीएवढ्या, ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकतीत एकेक औषध मुरवलेलं असतं. रात्रभर बशी उबेत ठेवली की सकाळी जंतूंची एकसंध साय धरलेली दिसते. जिथे औषध लागू पडलं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल वलय असतं. पट्टी लावून ते मिलिमीटरमध्ये मोजायचं, तक्त्याशी ताडायचं आणि ‘एस’ (सेन्सिटिव्ह) लिहायचं. वलय तोकडं असेल किंवा साय थेट चकतीच्या कडेला येऊन टेकली असेल, तर ‘आर’ (रेझिस्टंट). आता बऱ्याच ठिकाणी हे यंत्र करतं, पण चकतीला खेटून बसलेली ती साय एकदा डोळ्यांनी पाहिली की माणूस ‘हट्टी’ हा शब्द वापरायला लागतो, यात डॉक्टरांचा दोष नाही.

पण हट्ट नाही आणि सवयही नाही. त्या जंतूकडे हत्यार आहे आणि ते फार जुनं आहे. १९४० साली ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि चेन यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमधून एक विकर काढलं. ते पेनिसिलिनचे तुकडे करत होतं. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत अजून पोचायचं होतं! कॅनडाच्या युकॉन भागात ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीतल्या डीएनएमध्येही टेट्रासायक्लिन, व्हँकोमायसिन अशा औषधांना दाद न देणारी जनुकं सापडली आहेत. यात नवल नाही. बुरशा आणि मातीतले जंतू एकमेकांवर ही रसायनं कधीपासून सोडत आले आहेत, तेव्हा त्यांवरचा उताराही तेवढाच जुना असणार. आपण फक्त त्या रसायनांची कुपी केली.

मग रुग्णालयात घडतं काय? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या डॉक्टर जखमांमधले स्टॅफिलोकॉकस तपासत होत्या. १९४६ साली त्यांपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला जुमानत नव्हते. १९४७ मध्ये हे प्रमाण ३८ टक्के झालं आणि १९४८ मध्ये ५९ टक्के. तीन वर्षांत एकही जंतू काही शिकला नव्हता. निःशस्त्र होते ते मेले आणि पेनिसिलिन फोडणारे मूठभर आधीपासून होते त्यांना अख्खं वावर मोकळं मिळालं. ज्यांनी शेतात वर्षानुवर्षं एकच तणनाशक मारलं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

इथवर सोपं आहे. तुमच्या प्रश्नाची अवघड बाजू ‘बारा’ ही आहे. स्वतःच्या जनुकात अपघाताने नेमका उपयोगी बदल होणं, हे कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या वाट्याला येतं. एकाच जंतूच्या वाट्याला असे चार-पाच बदल एकदम येणं जवळपास अशक्य. जपानी डॉक्टर नेमके याच ठिकाणी अडले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये हगवणीचा जोर होता. आधी सल्फा औषधं वापरली, ती बोथट झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५५च्या सुमारास शिगेला हा हगवणीचा जंतू असा मिळू लागला, की तो या चारही औषधांना एकाच वेळी दाद देईना. त्याहून चमत्कारिक म्हणजे त्याच रुग्णाच्या आतड्यातला साधा ई. कोलायही त्याच चार औषधांना नको म्हणत होता. दोन वेगळ्या जातींचे जंतू आणि उत्तर मात्र शब्दशः सारखं! वर्गात दोन उत्तरपत्रिका अशा निघाल्या की मास्तर काय समजतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आकिबा आणि ओचियाई यांनी १९५९ मध्ये तेच ताडलं. चौपट निर्ढावलेला ई. कोलाय आणि बिचारा साधा शिगेला त्यांनी एका नळीत ठेवले. थोड्या वेळाने शिगेलाही चौपट निर्ढावला.

हा प्रयोग आम्ही कॉलेजात करायचो, अर्थात निरुपद्रवी ई. कोलायच्या दोन वाणांवर. एकावर एक औषध चालत नाही, दुसऱ्यावर दुसरं. दोघांना एका नळीत घालून ३७ अंशांवर तासभर ठेवायचं. अट एकच, नळी हलवायची नाही. हलवली की दोन जंतूंमधला तो केसाहून कितीतरी बारीक पूल तुटतो. दर वर्षी एखादा उत्साही विद्यार्थी सवयीने नळी ढवळायचा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही औषधं घातलेली त्याची बशी कोरी निघायची. बाकीच्यांच्या बशांत ठिपके. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे दोन्ही हत्यारं जमवलेल्या एका जंतूची प्रजा.

पुलावरून जातं काय? एक चिठ्ठी. जंतूचा मुख्य डीएनए म्हणजे घराण्याची पोथी समजा, ती तो सहसा कुणाला देत नाही. पण त्याशिवाय डीएनएची सुटी कडी असते, तिला प्लाझमिड म्हणतात. शेजारणीने लोणच्याची कृती मागितली की आपण वही देत नाही, चिठ्ठीवर उतरवून देतो. तशी ही चिठ्ठी. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, कारण नक्कल जाते. शेजारीण आपल्या जातीची असण्याची गरज नाही, हे माणसांपेक्षा जंतूंना लवकर कळलं. आणि त्या एकाच चिठ्ठीवर चार पाककृती असल्या तर चारही एकदम मिळतात. आईंच्या रिपोर्टवर बारा ‘आर’ आहेत म्हणजे बारा स्वतंत्र लढाया झाल्या असं नाही. एक चिठ्ठी, फार तर दोन, आणि थोडे घरचे बदल एवढ्यात काम भागतं. शिवाय बारांपैकी कित्येक औषधं एकाच कुळीची असतात, त्यांना एकच विकर पुरतं.

पश्चिमेत हे पहिल्यांदा दाखवलं ते पुन्हा हॅमरस्मिथमध्येच. १९५९ मध्ये तिथे साल्मोनेलाची साथ आली. नाओमी दत्ता यांनी ३०९ नमुने तपासले. (आडनाव पाहून चकलात ना? बाई इंग्रज, आडनाव यजमानांचं.) त्यांपैकी २५ नमुन्यांत औषधरोध होता. साथीच्या सुरुवातीचे नमुने औषधांना बळी पडत होते, रोध पुढे पुढे दिसत गेला. हा रोध एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो हे त्यांनी दाखवलं. १९६२ साली हे छापून आलं.

याच बाईंचं पुढचं काम मला सगळ्यांत आवडतं. प्रश्न असा होता, की या चिठ्ठ्या आपल्या औषधांमुळे जन्माला आल्या की आधीपासून होत्या? उत्तर द्यायचं तर प्रतिजैविकांच्या आधीचे जंतू हवेत, आणि ते आणायचे कुठून? ते एका माणसाने जपून ठेवले होते. ई. जी. डी. मरे नावाच्या संशोधकाने १९१७ ते १९५४ या काळात युरोप, मध्यपूर्व, रशिया, उत्तर अमेरिका आणि आपला हिंदुस्थान इथल्या रुग्णांचे आतड्यातले जंतू बंद नळ्यांत साठवले होते. दत्ता आणि त्यांच्या सहकारी व्हिक्टोरिया ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्या जंतूंना पुन्हा वाढवलं. औषधरोध जवळपास नाहीच. पण २४ टक्के जंतूंकडे डीएनए दुसऱ्याला देण्याची सोय शाबूत होती! आणि त्यांच्या चिठ्ठ्या आजच्या रुग्णालयांत सापडतात त्याच घराण्यांच्या होत्या. म्हणजे कागद तोच, देवघेव तीच, फक्त कागद कोरा होता किंवा त्यावर दुसरंच काही लिहिलेलं होतं. आपली औषधं आल्यावर चाळीसेक वर्षांत त्यावर कृती उतरल्या. पहिल्या महायुद्धातल्या कुणा सैनिकाच्या पोटातला जंतू आईंच्या रिपोर्टचा पूर्वज असायला हरकत नाही.

कोऱ्या चिठ्ठीवर कृती येते कुठून? तर जंतूंकडे कात्रणंही असतात. काही जनुकांच्या दोन्ही कडांना अशी जोडणी असते, की तेवढा तुकडा एका चिठ्ठीतून सुटून दुसऱ्या चिठ्ठीत किंवा थेट पोथीत जाऊन बसतो. कात्रण चिठ्ठीत, चिठ्ठी जंतूत, जंतू रुग्णात आणि रुग्ण विमानात.

विमानाचं उगाच लिहिलं नाही. २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाचा एक रुग्ण दाखल झाला. त्याआधी तो नवी दिल्लीत रुग्णालयात होता. त्याच्या लघवीतला क्लेब्सिएला कार्बापेनेम गटाला, म्हणजे तुमच्या रिपोर्टवरच्या मेरोपेनेमच्या कुळीला, दाद देत नव्हता. त्याच माणसाच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक सापडलं, वेगळ्या आकाराच्या चिठ्ठीवर. हे जनुक जे विकर बनवतं ते जस्ताच्या मदतीने औषधाची कडी फोडतं. नाव ठेवलं ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात एनडीएम. २०१० मध्ये ते जगाच्या बातम्यांत आलं आणि आपल्याकडे गदारोळ झाला. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट, वगैरे. नावाचा राग मला समजतो, पण इटलीतल्या व्हेरोनावरून आणि ब्राझीलच्या साओ पावलोवरूनही अशा विकरांची नावं आधीच पडली होती. ‘टेम’ नावाचं विकर तर अथेन्समधल्या एका रुग्ण बाईंच्या नावातल्या अक्षरांवरून ओळखलं जातं, ते जास्त दुष्टपणाचं नाही का?

त्या गदारोळात मुंबईचं काम झाकोळलं. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या चार महिन्यांत कार्बापेनेमला न जुमानणारे आतड्यातल्या कुळीचे २४ जंतू तपासले होते. त्यांतल्या २२ जंतूंकडे एनडीएम होतं. हे त्यांनी मार्च २०१०मध्येच, गदारोळाच्या आधी, भारतीय नियतकालिकात छापलं होतं. पुढे २०११ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासल्याचं प्रसिद्ध झालं. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या २ नमुन्यांत एनडीएम सापडलं. कोणकोणत्या जंतूंत? त्यांत पटकीचा जंतू होता आणि जपानवाल्यांचा जुना ओळखीचा शिगेलाही होता.

या जनुकाची एक गंमत सांगतो. त्याची सुरुवात त्याची स्वतःची नाही. पहिला छोटासा तुकडा अमिकेसिन या वेगळ्याच औषधाला रोखणाऱ्या जनुकाचा आहे, उरलेलं धड एनडीएमचं. कुठल्याशा जंतूत कात्रण कापताना कात्री जरा पुढे गेली आणि शेजारच्या पाककृतीचे चार शब्द चिकटून आले. एनडीएम दिसेल तिथे ते चार शब्द दिसतात.

आता आईंचं. त्यांच्या जंतूला काही करावं लागलं नाही. चिठ्ठीवाला जंतू त्या वॉर्डात आधीपासून वावरत असणार. हातांवरून, पलंगाच्या कठड्यावरून तो त्यांच्या आतड्यात आला असेल आणि लघवीच्या नळीच्या वाटेने वर चढला असेल. किंवा जंतू त्यांचाच, फक्त चिठ्ठी वॉर्डातली. यातलं नेमकं काय झालं ते जंतूचा सगळा डीएनए वाचल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तेवढं कुणी एका लघवीच्या तापासाठी करत नाही.

प्रश्न : वरच्याशी जुळणारा म्हणून विचारते. मी आयसीयूत सिस्टर आहे. इन्फेक्शन कंट्रोलची माणसं येतात आणि हात धुण्याच्या बेसिनच्या जाळीवरून स्वॅब घेऊन जातात. बेसिन तर स्वच्छतेसाठीच असतं ना? – एक परिचारिका, नाशिक

उत्तर : सिस्टर, बेसिनखाली वळणाची नळी असते, वास वर येऊ नये म्हणून तिच्यात कायम पाणी साठलेलं असतं. चिठ्ठ्यांच्या देवघेवीला याहून निवांत जागा नाही. ओल कायमची, आतून शेवाळासारखा बुळबुळीत थर, आणि रोज पातळ झालेली औषधं वाहत येतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात २००७ पासून एनडीएमसारखंच कार्बापेनेम गटाला निकामी करणारं केपीसी नावाचं जनुक पसरत होतं. एका जंतूची साथ असती तर माग काढणं सोपं होतं. पण ते कात्रण या जातीतून त्या जातीत, या चिठ्ठीतून त्या चिठ्ठीत उड्या मारत होतं.

तिथल्या मंडळींनी मग प्रयोगशाळेत खरोखरीची बेसिनं बसवली आणि खालच्या वळणात हिरवा चमकणारा ई. कोलाय सोडला. नुसत्या पाण्यावर तो खालीच राहिला. पोषक द्रव मिळू लागला तशी साय नळीच्या आतून वर चढू लागली, दिवसाला सुमारे एक इंच. आठवड्याभरात जाळी गाठली. त्यानंतर तोटी सोडली, की धार जाळीवर आपटून चमकणारे थेंब बेसिनपासून ३० इंचांपर्यंत उडालेले सापडले. खालच्या वळणातून एकदम उडी मारून मात्र एकही वर आला नाही.

म्हणून उरलेलं सलाईन, नळीतून द्यायचं दूध, रुग्णाने अर्धा टाकलेला ज्यूस, आणि (रागवू नका) ड्यूटीवरचा गार झालेला चहा त्या बेसिनमध्ये ओतू नका. आणि इंजेक्शनची तयारी बेसिनच्या शेजारच्या कट्ट्यावर नको. हात धुणं थांबवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कराडच्या वाचकांचं दुसरं पत्रही आलं आहे. त्यांनी विचारलंय, की ती औषधं काही वर्षं बंद ठेवली तर ‘आर’ पुन्हा ‘एस’ होतील का?

तर्काने व्हायला हवेत, कारण चिठ्ठी सांभाळायला जंतूला खर्च येतो. ब्रिटनमध्ये हा प्रयोग आपसूक झाला. तिथे सल्फा असलेल्या एका जोडऔषधाचा वापर १९९१ साली वर्षाला ३,२०,००० प्रिस्क्रिप्शन इतका होता, तो १९९९ मध्ये ७,००० वर आला. लंडनमधल्या एका रुग्णालयाने दोन्ही वर्षांचे ई. कोलाय तपासले. सल्फारोध १९९१ मध्ये ३९.७ टक्के होता, १९९९ मध्ये ४६ टक्के. औषध गेलं, रोध वाढला! कारण त्याच चिठ्ठीवर दुसऱ्या औषधांच्याही कृती होत्या आणि ती औषधं चालूच होती. एका कृतीसाठी सगळी चिठ्ठी जपली गेली. काही औषधांच्या बाबतीत वापर आवरल्यावर रोध उतरल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा अगदीच हात टेकू नका. पण ‘चार वर्षं थांबू, जंतू विसरेल’ असं होत नाही. विसरायला तो मुळात शिकलाच नव्हता.

आणि तो रिपोर्ट फाडू नका. ताप गेला तरी असे जंतू आतड्यात कित्येक महिने, कधी वर्षभरही, गुपचूप राहतात. त्यांचा तिथे काही त्रास नसतो आणि निव्वळ ते आहेत म्हणून औषध घ्यायचंही नसतं. रिपोर्टची झेरॉक्स आईंच्या फाइलमध्ये अगदी वर लावा. पुढे कधी दाखल करायची वेळ आली तर ॲडमिशनच्या टेबलावरच दाखवा. पहिलं इंजेक्शन कोणतं द्यायचं हे डॉक्टरांना दोन दिवस आधी कळेल, आणि शेजारच्या पलंगावरच्या आजींची चिठ्ठीही कदाचित कोरी राहील.